कार्टन मोजणाऱ्या लाइनचं कर्नल ४.१९ वरून ६.१ वर: सिग्नलच्या बाबतीत काय काय आडवं येतं

३० जून २०२४ ला डेबियन १० या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचा दीर्घकालीन सपोर्ट संपला. अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध-पॅकिंग युनिटमध्ये कार्टन मोजणारी लाइन त्याच डेबियनवर, ४.१९ कर्नलवर (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा) चालत होती. ऑडिटमध्ये ‘सपोर्ट नसलेली ऑपरेटिंग सिस्टीम’ असा शेरा पडला आणि वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला विषय एकदम तातडीचा झाला. जुलैत ठरलं की डेबियन १२ वर, म्हणजे ६.१ कर्नलवर जायचं. लाइन नव्यावर उभी राहिली २० नोव्हेंबरला, कागदपत्रं मिटली डिसेंबरात. असं काम ज्यांच्या गळ्यात पडेल त्यांना कुठे बघायचं ते आधीच कळावं, म्हणून क्रमाने लिहितोय.

रचना अशी. पट्ट्यावरून कार्टन गेलं की फोटो सेन्सर २४ व्होल्टचा पल्स देतो. तो पीसीआय डिजिटल इनपुट कार्डावर येतो, कार्ड इंटरप्ट देतं, आणि घरीच लिहिलेला सी भाषेतला ड्रायव्हर डेमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामला) ४४ नंबरचा रिअल-टाइम सिग्नल, म्हणजे प्रोसेसला द्यायची नंबरवार सूचना, पाठवतो, सोबत एक आकडा. डेमन मोजतो आणि नेटवर्कवरून प्लांटच्या सर्व्हरला कळवतो. ४४ का, तर ३२ च्या खालचे सिग्नल रांगेत राहत नाहीत; एक प्रलंबित असताना दुसरा आला तर दोन्ही मिळून एकच पोचतो. ३२ आणि ३३ जीलिबसी (सी ची मूळ लायब्ररी) स्वतःच्या थ्रेडसाठी ठेवून घेते, त्यामुळे प्रोग्रामला दिसणारा सिगआरटीमिन ३४ असतो आणि ४४ म्हणजे त्यात दहा मिळवून.

ड्रायव्हरमधून डेटा सिग्नलने पाठवणं मुळात वाईट रचना आहे. आज कुणी नव्याने लिहीत असेल तर पोल किंवा इव्हेंटएफडी वापरावं. पण औषधाच्या लाइनवर रचना बदलली की पुन्हा संपूर्ण व्हॅलिडेशन, म्हणून जुनी रचना तशीच ठेवून कमीत कमी ओळी बदलायच्या, असं ठरलं. हा निर्णय कागदावर लिहून घ्या. पुढे चार जण विचारतात, ‘हे नीटच का नाही करत?’

पहिलं काम चेंज कंट्रोलचा फॉर्म. बदलाचं कारण, परिणामांचं मूल्यमापन, परत जाण्याची योजना, आणि प्रॉडक्शन, इंजिनीअरिंग, क्यूए (गुणवत्ता विभाग) अशा तीन सह्या. परिणामांच्या रकान्यात ‘ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड’ एवढंच लिहिलं तर फॉर्म परत येतो. ड्रायव्हर, डेमन, सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्ट आणि वेळेचं घड्याळ अशा वेगळ्या ओळी टाकल्या की सही लवकर मिळते. गणपतीच्या आधी फॉर्म टाकला होता, हातात आला अनंत चतुर्दशीनंतर. पीसीआय स्लॉट असलेला नवा इंडस्ट्रियल पीसीही तेवढ्यातच आला. अठरा टक्के जीएसटी धरून सव्वा लाखाच्या आत. दुसरं कार्ड लॅमिंग्टन रोडवर शोधून जुनं वापरलेलं घेतलं. हे कार्ड घेण्यात कंजुषी करू नका. जुन्या मशीनमधलं कार्ड काढून नव्यात घातलं की परतीची वाट अर्धी बंद होते. तिथूनच सिरियल कन्सोलसाठी नल-मोडेम केबलही घ्या. ती तीन-चारशेत येते, आणि कर्नल अडकलं की शेवटच्या ओळी तिच्यावरच वाचायला मिळतात.

फॉर्म येईपर्यंतच्या वेळात कर्नलच्या सोर्सचं गिट क्लोन करून घेतलं. गिट लॉगला व्ही४.१९ ते व्ही६.१ एवढी कक्षा द्या, आणि सोबत कर्नल फोल्डरातली सिग्नल.सी, इन्क्लूड/लिनक्स/शेड मधली सिग्नल.एच आणि एक्स८६ मधली सिग्नल.सी एवढ्याच फाइली द्या. यादी लांब निघते, पण कमिटच्या पहिल्या ओळी वाचून आपल्याला लागू असलेले बाजूला काढता येतात. त्यातले बरेच एरिक बीडरमन यांचे आहेत. ४.२० ते ५.१७ या काळात त्यांनी या कोडची मोठी साफसफाई केली.

आता कंपाइल. पहिली त्रुटी ठरलेली: सेंड_सिग_इन्फो ला दिलेल्या पॉइंटरचा प्रकार जुळत नाही. ४.२० पासून कर्नलच्या आत सिग्नलची माहिती ठेवणारा सिगइन्फो वेगळा आणि प्रोग्रामला दिसणारा वेगळा. बाहेरचा १२८ बाइटांचा, त्यातला बराच भाग नुसती भर. आतला कर्नल_सिगइन्फो ६४-बिटवर ४८ बाइटांचा. त्यामुळे ड्रायव्हरमधल्या घोषणेत ‘स्ट्रक्ट सिगइन्फो’ च्या जागी ‘स्ट्रक्ट कर्नल_सिगइन्फो’ लिहायचं, मेमसेट काढून क्लिअर_सिगइन्फो वापरायचं, आणि सिग्नो, कोड व आकडा ही तीन घरं भरायची. कोडच्या घरात एसआय_क्यू होतं, ते तसंच राहू द्या. काही दिवस दोन्ही कर्नलवर बिल्ड करायचं असेल तर आवृत्तीची अट ४.२० वर लावा, ५.० वर नाही.

तिथे असतानाच टास्कचा, म्हणजे चालणाऱ्या प्रोसेसचा, पॉइंटर कसा साठवलाय ते बघा. जुन्या ड्रायव्हरांत डेमनने आयओसीटीएल (ड्रायव्हरला आदेश देणारा कॉल) केला की ‘करंट’, म्हणजे चालू टास्कचा पॉइंटर, नुसता एका ग्लोबलमध्ये ठेवलेला असतो, संदर्भ न वाढवता. डेमन मेला की तो पॉइंटर मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो आणि पुढचं कार्टन कर्नल पाडू शकतं. त्याऐवजी स्ट्रक्ट पिड (पिड म्हणजे प्रोसेसचा नंबर) साठवावा: नोंदणीला गेट_पिड, पाठवताना गेट_पिड_टास्क, काम झालं की पुट_टास्क_स्ट्रक्ट, आणि डिव्हाइस बंद करताना पुट_पिड. आठ-दहा ओळींचं काम आहे, आणि ‘कमीत कमी बदल’ या नियमाला हा अपवाद क्यूएकडून मागून घेण्यासारखा आहे.

दुसरी त्रुटी फोर्स_सिग ची. हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथे कंपायलरला शांत करणं सोपं आणि धोक्याचं आहे. या ड्रायव्हरमध्ये एक कर्नल थ्रेड होता. मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवलेला ड्रायव्हर) काढताना त्याला फोर्स_सिग ने सिगकिल (संपवण्याचा सिग्नल) पाठवायचं आणि तो संपेपर्यंत कम्प्लिशनवर थांबायचं, अशी व्यवस्था. ५.३ मध्ये, २०१९ साली, फोर्स_सिग मधून टास्कचा पॅरामीटर काढला. आता तो फक्त चालू टास्कलाच लागू होतो. कारण रास्त आहे. फोर्स_सिग सिग्नल नुसता पाठवत नाही. तो अडवलेला किंवा दुर्लक्षित असेल तर हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन) मूळपदावर आणून लादतो. पेज फॉल्टसारख्या, त्या टास्कने स्वतःच ओढवलेल्या घटनेलाच हे शोभतं. दुसऱ्या कुणाच्या टास्कवर असं लादणं म्हणजे गैरवापर.

मग साहजिक बदल सुचतो तो सेंड_सिग चा. कंपाइल होतं, मॉड्यूल चढतं, लाइन चालते. आणि आरएममॉडने मॉड्यूल काढायला गेलं की ते लटकतं. कर्नल थ्रेड जन्मतःच सगळे सिग्नल दुर्लक्षित ठेवतो. आधी फोर्स_सिग ते दुर्लक्ष मोडून काढत होतं. सेंड_सिग मोडत नाही. सिग्नल हवेत विरतो, थ्रेड झोपलेलाच राहतो, आणि आरएममॉड डी अवस्थेत (न मोडणाऱ्या झोपेत) अडकतं. १२० सेकंदांनी डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘टास्क अडकलाय’ अशी ओळ येते. खुद्द कर्नलमध्ये सीआयएफएस (नेटवर्कवरच्या फाइली) आणि डीआरबीडी (डिस्कची नक्कल) या दोघांचं हेच झालं होतं, आणि त्यांच्यासाठी ५.३ मध्येच अलाउ_कर्नल_सिग्नल नावाचं फंक्शन आलं. ते थ्रेडच्या सुरुवातीला बोलावलं की कर्नलने पाठवलेला सिग्नल पोचतो, बाहेरून कुणी केलेला किल पोचत नाही. काम त्यावर भागतं. तरी आम्ही सिग्नल काढूनच टाकला: केथ्रेड_स्टॉप बोलवायचं, आणि थ्रेड ज्या अटीवर झोपतो तिच्यात केथ्रेड_शुड_स्टॉप जोडायचं. त्यामुळे तिसरी त्रुटीही आपोआप गेली. कम्प्लीट_अँड_एक्झिट चं नाव ५.१७ मध्ये केथ्रेड_कम्प्लीट_अँड_एक्झिट झालंय.

डेमनकडची त्रुटी एकच, पण नवख्याला चक्रावणारी: फाइलच्या पातळीवर जाहीर केलेल्या अ‍ॅरेचा आकार स्थिर नाही. क्रॅश झाल्यावर लॉग लिहिण्यासाठी सिग्नलचा पर्यायी स्टॅक होता, आकार एसआयजीएसटीकेएसझेड. जीलिबसी २.३४ पासून, जीएनयू_सोर्स चालू असेल तर, हा आकडा प्रोग्राम चालतानाच ठरतो. (डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे.) ८१९२ हाताने लिहून वेळ मारून नेता येते, पण असं का केलंय ते आधी बघा. सिग्नल पोचवताना कर्नल प्रोसेसरचे सगळे रजिस्टर स्टॅकवर ठेवतं. एव्हीएक्स-५१२ वाल्या प्रोसेसरचे रजिस्टरच अडीच हजार बाइटांच्या पुढे जातात, आणि जुना किमान आकडा २०४८. एएमएक्स (मॅट्रिक्स गणिताचे रजिस्टर) वापरणाऱ्या प्रोसेसमध्ये आणखी ८१९२ बाइट वाढतात. ५.१४ च्या आधी एक्स८६ वर कर्नल स्टॅकच्या हद्दीबाहेर खुशाल लिहायचं. आता आधी तपासतं, मावत नसेल तर सिगसेगव्ही (प्रोग्राम पाडणारा सिग्नल) देतं आणि डीमेसेजमध्ये ‘ओव्हरफ्लोड सिगआल्टस्टॅक’ अशी ओळ टाकतं. एलडी_शो_ऑक्सव्ही=१ लावून कुठलाही छोटा प्रोग्राम चालवला की ‘एटी_मिनसिगएसटीकेएसझेड’ दिसतो; नव्या पीसीवर तो ३६३२ आला. मुख्य प्रोग्राममध्ये एसआयजीएसटीकेएसझेड असलं तरी सोबतच्या एखाद्या लायब्ररीत २०४८ चा स्टॅक लपलेला असतो, तेव्हा सगळ्या सोर्समध्ये सिगआल्टस्टॅक शोधा. दुरुस्ती: सिसकॉन्फ ला _एससी_एसआयजीएसटीकेएसझेड विचारायचं आणि तेवढी जागा मॅलॉकने घ्यायची.

इथवर सगळं दसऱ्याच्या आसपास झालं होतं आणि दिवाळीच्या सुट्टीत लाइन बदलायचं पक्कं धरलं होतं. कंपायलर जे दाखवतो ते सरळ असतं. त्याला जे दिसत नाही त्यानेच वेळ खाल्ला.

चाचणीसाठी स्पेअर पीएलसीच्या (औद्योगिक कंट्रोलरच्या) आउटपुटवरून कार्डला पल्स दिले, सेकंदाला पन्नास, एकूण एक लाख. तेहतीस-चौतीस मिनिटांत होतात. लाइनचा खरा वेग मिनिटाला १२० कार्टन, त्यामुळे हा ताण भरपूर. पास होण्याची अट एकच: पीएलसीचा आकडा आणि डेमनचा आकडा तंतोतंत सारखे. आकडे जुळले, पण डेमनच्या लॉगमध्ये मधूनच ‘रीड अडथळ्याने थांबला, डिव्हाइस पुन्हा उघडतोय’ अशी ओळ येत होती. जुन्या मशीनवर ती कधी दिसलेली नव्हती. औषधाच्या कारखान्यात आकडे जुळले म्हणून अशी ओळ सोडून देता येत नाही. डेव्हिएशन, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळं घडल्याचं, नोंदवलं गेलं आणि दिवाळीची खिडकी हातची गेली. वाईट वाटलं, पण क्यूएचं बरोबर होतं.

डेमनला एसट्रेस (सिस्टीम कॉल दाखवणारं साधन) लावला. नेहमी रीड इआयएनटीआर (‘सिग्नलने अडवलं’ ही त्रुटी) देऊन परततो तेव्हा लगेच खाली कुठला सिग्नल आला त्याची दोन बाजूंना तीन-तीन रेघा असलेली ओळ येते. इथे रीड इआयएनटीआर देत होता आणि खाली सिग्नलची ओळच नव्हती. सिग्नल नाही आणि तरी सिग्नलने अडवलं, हे पहिल्यांदा बघताना एसट्रेसवरच संशय येतो.

कारण ५.११ मधलं. जेन्स अ‍ॅक्सबो यांनी टीआयएफ_नोटिफाय_सिग्नल नावाचा नवा झेंडा आणला: टास्कला सिग्नल न पाठवताही झोपेतून उठवून थोडं काम करून घ्यायचं असेल तर तो लावायचा. आयओ_युरिंग (इनपुट-आउटपुटची कामं रांगेतून करून घेण्याची कर्नलची सोय) तो सर्रास वापरतं. तेव्हापासून सिग्नल_पेंडिंग हे खरा सिग्नल असला तरी ‘हो’ म्हणतं आणि नुसता हा झेंडा असला तरी ‘हो’ म्हणतं. फक्त खऱ्या सिग्नलसाठी टास्क_सिगपेंडिंग वेगळं आहे. वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल सिग्नल_पेंडिंग वरच उठतं. नव्या डेमनमध्ये सर्व्हरशी बोलण्याचा भाग आयओ_युरिंगवर नेला होता. सर्व्हरची पोच आली की तोच थ्रेड ड्रायव्हरच्या रीडमधून उठायचा. आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये उठल्यावरची ओळ होती: ‘रिटर्न -इआयएनटीआर’.

ती चूक पहिल्यापासूनची, फक्त झाकलेली होती. ड्रायव्हरने परत द्यायचं ते -इरीस्टार्टसिस. हा कोड प्रोग्रामपर्यंत पोचत नाही. वरची पातळी बघते की खरोखर हँडलर चालवायचा आहे का. नसेल तर सिस्टीम कॉल गुपचूप पुन्हा सुरू करते, असेल तर हँडलर लावताना एसए_रीस्टार्ट दिलाय की नाही यावर ठरवते. एका शब्दाचा बदल, आणि लॉग स्वच्छ. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ‘इंटरप्टिबल’ असलेली प्रत्येक जागा काढून तिच्या खालची ओळ वाचा. म्युटेक्सची इंटरप्टिबल आवृत्तीही त्यात धरा. डेमनकडे मात्र इआयएनटीआर हाताळणारा लूप ठेवाच. इपोल_वेट, पोल आणि सिलेक्ट हे हँडलर चालल्यावर एसए_रीस्टार्ट असला तरी पुन्हा सुरू होत नाहीत. इपोल_वेट तर सिगस्टॉप-सिगकॉन्ट नंतर हँडलरशिवायही इआयएनटीआर देतो. त्यामुळे किल -स्टॉप आणि मग किल -कॉन्ट ही सगळ्यात स्वस्त चाचणी.

दुसरा न दिसणारा बदल कर्नलचा नाही, सिस्टीमडीचा (सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामचा), पण सिग्नल चुकीच्या घरी नेणारा. डेबियन १० वर पिडची कमाल मर्यादा ३२७६८ होती. सिस्टीमडी २४३ पासून ६४-बिटवर ती ४१९४३०४ केली जाते. लॉग फिरवणारा एक छोटा सी प्रोग्राम पिड फाइल सहा अक्षरांच्या बफरमध्ये वाचायचा: पाच आकडे आणि शेवटचं शून्य. पिड सहा आकडी झाला की शेवटचा आकडा गळतो आणि सिगहप (इथे लॉग पुन्हा उघडायला सांगणारा सिग्नल) तिसऱ्याच प्रोसेसला जातो. बहुतेक वेळा तशी प्रोसेसच नसते, म्हणून कुणाला कळत नाही. मशीन लावल्यावर काही आठवडे हे उगवणारच नाही. चाचणीत उगवायचं असेल तर शेलमध्ये एक लाख वेळा /बिन/ट्रू चालवा, पूर्ण मार्ग लिहून. नुसतं ट्रू शेलच्या पोटातलं असतं, त्याने पिड वाढत नाही. मग डेमन रीस्टार्ट करून लॉग फिरवा. आम्ही तो प्रोग्राम काढून सिस्टीमसीटीएल रिलोड वापरलं. स्वतःच पाठवायचं असेल तर ५.३ मधलं पिडएफडी_ओपन आणि ५.१ मधलं पिडएफडी_सेंड_सिग्नल; प्रोसेस मेली आणि तोच नंबर दुसऱ्याला मिळाला तरी सिग्नल भलतीकडे जात नाही. जीलिबसी २.३६ मध्ये दोन्हींची तयार फंक्शनं आहेत.

क्यूएला दाखवण्यासाठी एक पुरावा फार उपयोगी पडला: /प्रोक मधली डेमनची स्टेटस फाइल. तिच्यात सिगसीजीटी ही ओळ असते, सोळा अंकांची, आणि कुठल्या सिग्नलला हँडलर आहे ते सांगते. फक्त तीन सिग्नल धरले तर ती अशी दिसते: ०००००८००००००४००२. उजवीकडून वाचा, सोळाच्या पायात. शेवटचा २ म्हणजे सिगइंट, ४००० म्हणजे सिगटर्म, आणि डावीकडचा ८ म्हणजे शून्यापासून मोजलेलं त्रेचाळिसावं बिट, अर्थात सिग्नल ४४. डेमनने ड्रायव्हरकडे नोंदणी करण्याआधीच तो ८ दिसला पाहिजे. हँडलर नसताना ४४ आला तर मूळ वागणूक प्रोसेस संपवण्याची आहे, त्यामुळे आधी सिगअ‍ॅक्शन, मग आयओसीटीएल, हा क्रम सोडू नका. त्याच फाइलीतली सिगक्यू ओळ रांगेत किती आहेत आणि मर्यादा किती ते दाखवते. १६ जीबी मेमरीवर मर्यादा साठ हजारांच्या आसपास असते. रांग भरली की सेंड_सिग_इन्फो -इअगेन देतं. जुना ड्रायव्हर हा परतावा बघतच नव्हता, म्हणजे कार्टन गेलं आणि मोजलं गेलं नाही. आता तो मोजून वेगळ्या काउंटरला टाकतो.

लाइन थांबण्याची पुढची वेळ विधानसभेच्या मतदानाची सुट्टी, २० नोव्हेंबर. मतदान करून शाईचं बोट घेऊनच लोक आले. गेटपासवर पीसी, कार्ड आणि लॅपटॉपचे सिरियल नंबर आदल्या दिवशीच चढवून ठेवा. सुट्टीच्या दिवशी सही करणारा माणूस गेटवर नसतो. नव्या पीसीवर सिक्युअर बूट चालू होतं, तेव्हा सही नसलेला मॉड्यूल ‘की नाकारली’ म्हणून चढत नाही. डेबियन १२ चं डीकेएमएस (मॉड्यूल बिल्ड करणारं साधन) स्वतःची की बनवतं. ती मोकयुटिलने आयात करायची, एक तात्पुरता पासवर्ड द्यायचा, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या स्क्रीनवर दहा सेकंदांच्या आत कळ दाबून ती नोंदवायची. यासाठी खरा कीबोर्ड मशीनला लावलेला लागतो, त्यामुळे हे ऑफिसमध्येच उरकून घेतलं.

बसवणं दुपारच्या आत झालं. इन्स्टॉलेशन क्वालिफिकेशनमध्ये कर्नल, जीलिबसी आणि मॉड्यूलची आवृत्ती व चेकसम. ऑपरेशनलमध्ये लाख पल्स, स्टॉप-कॉन्ट, आरएममॉड आणि पुन्हा चढवणं, सहा आकडी पिड, आणि लाइन चालू असताना डेमन रीस्टार्ट. शेवटच्या चाचणीत रीस्टार्टच्या दरम्यान गेलेली कार्टनं ड्रायव्हरच्या काउंटरमधून मिळाली पाहिजेत, हे आधी लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर तिथे वाद होतो.

जुना पीसी कार्डासकट, केबलींना चिठ्ठ्या लावून, चेंज कंट्रोल बंद होईपर्यंत पॅनेलशेजारीच ठेवला. डिसेंबरात तिन्ही सह्या झाल्यावर तो स्टोअरमध्ये गेला. पुढच्या उडीसाठी फॉर्मबरोबर एक पान जोडलंय: डेबियन १२ चा दीर्घकालीन सपोर्ट ३० जून २०२८ पर्यंत, आणि रिअल-टाइम कर्नल घ्यायचं कुणी सुचवलं तर हार्ड इंटरप्टमधून सेंड_सिग_इन्फो चालणार नाही, कारण तिथे त्याच्या आतलं लॉक झोपू शकतं. ते कर्नल बहुतेक इंटरप्ट हँडलर आपोआप थ्रेडमध्ये नेतं, तेव्हा ड्रायव्हरने तशी मनाई केलेली नाही ना ते आधी बघावं लागेल.